एमिली डिकिन्सन: टॉडबाईंनी कविता वाचवल्या की कापल्या?

पाटीपेन्सिल
अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनच्या पहिल्या संग्रहावर (१८९०) माझा जुना राग आहे. बाई १८८६ साली ॲमहर्स्ट गावातल्या घरी वारली. धाकट्या बहिणीला, लव्हिनियाला, तिच्या खोलीत कवितांचं घबाड सापडलं. दोऱ्याने शिवलेल्या चाळीसेक वह्या, शिवाय सुटे कागद. सगळ्या मिळून जवळपास १,८०० कविता. हयातीत छापल्या गेल्या जेमतेम दहा. मग संपादक म्हणून मेबल लूमिस टॉड आणि तिच्याशी पत्रव्यवहार असलेले लेखक थॉमस हिगिन्सन यांनी त्या 'सुधारल्या'. ओळींतल्या आडव्या रेघा (डॅश) उडवल्या, यमकं घासली, नसलेली शीर्षकं चिकटवली.

मृत्यू गाडी थांबवून तिला सोबत घेतो ती कविता बघा. मुळात वाटेत शाळेची मुलं मधल्या सुट्टीत रिंगण करून झटताहेत. छापताना ती नुसती खेळू लागली आणि सुट्टीच्या जागी 'धडे नुकतेच संपलेले' आलं. अहो, खेळतात सगळीच मुलं! एक अख्खं कडवं गाळलं ते वेगळंच, आणि वर नाव दिलं 'रथ'.

उंबरठा
राग कळतो. पण लव्हिनियाने बाड आधी वहिनीला, सूझनला दिलं होतं. तिथे ते नुसतं रेंगाळलं. टॉडबाईंनी टाइपरायटरवर शेकडो कवितांच्या नकला केल्या. त्या काळच्या वाचकाला असल्या तुटक ओळी तशाच दिल्या असत्या तर प्रकाशक तरी मिळाला असता का? संग्रहाच्या दोन वर्षांत ११ आवृत्त्या निघाल्या, हे विसरू नका.

पाटीपेन्सिल
खपाचं मान्य. पण १८६६ साली स्प्रिंगफील्डच्या दैनिकाने तिची सापावरची कविता छापली, तेव्हा तिसऱ्या ओळीशेवटी एक विरामचिन्ह घुसडलं. तिने पत्रातून तक्रार केली की तिसरी आणि चौथी ओळ एकच होती. तक्रार कुणाकडे? याच हिगिन्सनकडे! एका चिन्हाने तिचा जीव किती तुटतो हे त्याला २४ वर्षं आधीपासून ठाऊक होतं.

कडूगोड
तुम्ही दोघं घरातली भानगड सोडून बोलताय. टॉड ही एमिलीच्या भावाची, ऑस्टिनची, प्रेयसी. बायको सूझन शेजारच्याच घरात. एमिलीने ढिगाने पत्रं आणि कविता लिहिल्या त्या याच सूझनला, आणि काही कागदांवरून सूझनचं नाव खरवडलेलं आहे. टॉडने एमिलीला समोरासमोर कधी पाहिलं नाही. टॉड दिवाणखान्यात पियानो वाजवायची, एमिली बाहेर आडोशाला बसून ऐकायची. पांढऱ्या कपड्यातली, जगाला विटलेली एमिली आपल्यापर्यंत आली ती अशा लोकांच्या हातून.

उंबरठा
भानगडीमुळे नकला खोट्या ठरत नाहीत. टॉडने हस्तलिखितं जपली, म्हणूनच पुढचा संपादक जॉन्सन याला १९५५ साली कविता मूळबरहुकूम छापता आल्या.

कडूगोड
जपली? जमिनीच्या एका पट्ट्यावरून लव्हिनियाने तिच्यावर दावा लावला आणि जिंकला. मग टॉडने आपल्याकडचे कागद पेटीत घालून तीसेक वर्षं कुलूप लावलं.

उंबरठा
बरं, कुलूप तर कुलूप. जाळले नाहीत ना?

पाटीपेन्सिल
नाही जाळले, एवढं श्रेय घ्या. नवीन वाचणाऱ्यांनी मात्र पुस्तक घेताना संपादकाचं नाव बघा: जॉन्सन किंवा फ्रँकलिन (१९९८). फुकट मिळणाऱ्या जुन्या प्रतींत बहुतेक वेळा मुलं अजून खेळतच असतात.