मदत हवी आहे: उबुंटूवर टीकेइंटरच्या खिडकीत जोडाक्षरं फुटतात

पायथन ३.१२ आणि टीकेइंटरमध्ये (पायथनचं खिडक्या बनवायचं साधन) पावतीचा प्रोग्राम आहे. विंडोज आणि मॅकवर लेबलं स्वच्छ दिसतात. तोच कोड उबुंटू २४.०४ वर चालवला की 'किंमत'मधली पहिली वेलांटी 'क'च्या मागे जाऊन 'म'वर टेकते. 'सर्व'चा रफार चढत नाही, पाय मोडलेला 'र' आणि 'व' सुटे दिसतात. नोटो सान्स देवनागरी आणि लोहित, दोन्ही फॉन्ट लावून पाहिले, फरक शून्य. 'किंमत'ची लांबी लेन() सगळीकडे ५ च सांगतं. ४० लेबलं, ६ एंट्री (टाइप करायच्या चौकटी) आहेत. काय करावं?

प्रतिसाद १
फॉन्टच्या मागे लागू नका. लांबी ५ येते म्हणजे मजकूर नीट साठलाय, गडबड तो पडद्यावर काढताना होते. पहिली वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते, दाखवताना आधी. ही मांडणी विंडोज आणि मॅकवर ऑपरेटिंग सिस्टिम करून देते. लिनक्सवर टीके ८.६ (टीकेइंटरच्या पोटातली लायब्ररी) एक्सएफटी या फॉन्ट काढणाऱ्या लायब्ररीकडून एकामागून एक चिन्हं नुसती काढून घेतं, फॉन्टमधले जोडाक्षरांचे नियम कुणी वाचतच नाही. क्यूटी ही खिडक्यांची दुसरी लायब्ररी त्यासाठी हार्फबझ (हे नियम वाचून अक्षरं जुळवणारी लायब्ररी) वापरते, म्हणून पायसाइड ६ वर, म्हणजे पायथनमधून क्यूटी वापरायच्या साधनावर, या.

टीकेइंटरच्या ग्रिडचे ओळ-स्तंभ क्रमांक क्यूग्रिडलेआउटमध्ये जसेच्या तसे चालतात. फक्त ॲडविजेटमध्ये आधी किती ओळी व्यापायच्या आणि मग किती स्तंभ, हा क्रम सांभाळा. नुसता कॉलमस्पॅनचा आकडा उचलून टाकला तर तो ओळींना लागतो आणि फॉर्म विस्कटतो. ठरावीक वेळानं काम करवणाऱ्या आफ्टरच्या जागी क्यूटायमर वापरा. छपाई वेगळ्या थ्रेडमध्ये असेल तर तिथून लेबलाला हात लावू नका, सिग्नल पाठवा.

प्रतिसाद २
लेबलंच तेवढी मराठी असतील तर पिलो या पायथनच्या चित्रांच्या लायब्ररीनं मजकुराचं चित्र काढून फोटोइमेज म्हणून लावता येतं. आधी पिलोचं फीचर्स.चेक('राक्म') ट्रू येतंय का बघा; राक्म ही जोडाक्षरं जुळवून देणारी लायब्ररी. फॉल्स असेल तर चित्रातही अक्षरं तशीच फुटतील. फोटोइमेज फंक्शननंतरही टिकणाऱ्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, नाहीतर फंक्शन संपताच लेबल कोरं होतं. एंट्रीसाठी मात्र हा उपाय नाही.

धागाकर्ता
एंट्रीत ग्राहकाचं नाव मराठीतच टाइप होतं, म्हणजे पायसाइडच. चाचणीपुरती एक खिडकी करून पाहिली तर उबुंटूवर 'एक्ससीबी प्लगइन लोड झालं नाही' म्हणून बंद पडते. आणि विंडोजची ईएक्सई उबुंटूवरूनच बनेल का?

प्रतिसाद १
एक्ससीबी प्लगइन म्हणजे क्यूटीला लिनक्सच्या पडद्याशी जोडणारा भाग; त्याला क्यूटी ६.५ पासून लिब-एक्ससीबी-कर्सर-० लागतं. उबुंटूच्या ॲप्ट या कमांडनं टाका, खिडकी उघडेल. नुसता कोड चालवायचा असेल तर ग्राहकाच्या मशीनवरही ते लागेल.

ईएक्सई उबुंटूवर बनणार नाही. पायइन्स्टॉलर (पायथन कोडचा चालता प्रोग्राम बनवणारं साधन) ज्या सिस्टिमवर चालवाल तिचंच पॅकेज करतो, त्यामुळे तिन्हीकडे वेगळं बनवावं लागेल. लिनक्सचं पॅकेज ग्राहकांकडे असलेल्या सगळ्यात जुन्या उबुंटूवर बांधा. २४.०४ वर बांधलेलं २०.०४ वर उघडताना तिथलं जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) जुनं आहे म्हणून अडतं. जुन्यावर बांधलेलं नव्यावर सहसा चालतं.