बॅगेतली कापराची पुडी: न्यायची की नाही?

कोथरूडची_मनी
प्रत्येकाच्या बॅगेत अशी एक तरी वस्तू असते की जी बघून बरोबरचे खो खो हसतात आणि तिसऱ्या दिवशी तीच मागायला येतात. माझ्या बॅगेत अशा तीन आहेत. सहा मीटर नायलॉनची दोरी, अर्ध्या लिटरची रिकामी बाटली (कशाला ते परदेशात जाऊन आलेल्यांना सांगायला नको, तिकडे बाथरूममध्ये नुसते कागदच असतात) आणि सासूबाईंनी जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधून दिलेली कापराची पुरचुंडी. पहिल्या दोनवर घरात आता कोणी बोलत नाही. वाद आहे तो पुरचुंडीवरून. जूनमध्ये आम्ही लेहला चाललोय, टूरवाल्यानेपण ग्रुपवर टाकलंय की कापूर जवळ ठेवा, श्वास लागला की हुंगायचा. दीर म्हणतो हे सगळं फॉरवर्डमधलं ज्ञान आहे, फेकून दे. माझं म्हणणं साधं आहे, वीस ग्रॅमची पुडी, नेली तर बिघडतं काय? आईबाया इतकी वर्षं नेत आल्या त्या काय वेड्या होत्या? मतं द्या, भांडलात तरी चालेल.

बिनबॅगेचा
तुम्ही लोक प्रवासाला जात नाही, बिऱ्हाड हलवता. मी गेली आठ वर्षं पाठीवरच्या एका सॅकमध्ये फिरतोय, सात किलोच्या आत, चेक-इनच्या पट्ट्याजवळ उभं राहायला लागत नाही की काही नाही. लेहच्या बाजारात दोरी मिळते, बाटली मिळते, साबण मिळतो, सगळं मिळतं. "लागलं तर" या दोन शब्दांनी मराठी माणसाची बॅग फुगते. लागलं तर छत्री, लागलं तर चादर, लागलं तर पाच जणांना पुरेल एवढा चिवडा. आणि लागत काहीच नाही.

कोथरूडची_मनी
दोरीबद्दल बोलू नका हां. ऑगस्टमध्ये कोकणात होमस्टेमध्ये राहून दाखवा, चार दिवस कपडे वाळत नाहीत, खोलीत एक खिळा इकडे एक तिकडे, दोरी बांधली आणि पंखा पाचवर. परतताना स्टँडवर बॅगेची चेन गेली तेव्हा हीच दोरी गुंडाळून पुण्यापर्यंत आले. रात्री साडेदहाला स्टँडवर कुठलं दुकान उघडं होतं ते सांगा, मग सॅकचं कौतुक करू.

भूलतज्ज्ञ
दोरीला माझा पूर्ण पाठिंबा. कापराला नाही, आणि "बिघडतं काय" याचं उत्तर देतो कारण ऑक्सिजन हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे.

लेह साधारण ३५०० मीटरवर आहे. तिथे हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं असं लोक म्हणतात ते बरोबर नाही, प्रमाण तेच, २१ टक्क्यांच्या आसपास, पुण्यात आहे तेवढंच. कमी असतो तो हवेचा दाब, समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश. म्हणजे एका श्वासात आत जाणारी हवाच विरळ. त्यामुळे रक्तात ऑक्सिजन कमी पोचतो आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळ लागतो. आता यात कापूर काय करणार? तो ऑक्सिजन तयार करत नाही, दाब वाढवत नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडची दुसरी लाट चालू असताना कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीच्या तेलाची पोटली हुंगा म्हणजे ऑक्सिजन वाढतो असा मेसेज घरोघरी फिरला होता, आठवत असेल. तेव्हाही ते खोटं होतं. लेहचा सल्ला म्हणजे तोच मेसेज, फक्त स्वेटर घातलेला.

नांदेडचा_नाना
डॉक्टरांचा मान ठेवून बोलतो. मी २०१९ ला केदारनाथ चाललोय, घोडा नाही, डोली नाही, गौरीकुंडातून पायी. वय तेव्हा अठ्ठावन्न. दर वळणावर दम लागायचा, पुडी काढायची, दोन वेळा हुंगायची, छाती मोकळी व्हायची आणि परत चालू पडायचं. माझ्यासोबतच्या बारा जणांना विचारा. आता हे बाराच्या बारा खोटं बोलतायत का? तुमच्या लोकांना आपल्या घरातलं काहीही चालत नाही, तेच बाहेरच्या कंपनीने डबीत घालून दोनशे रुपयाला विकलं की चालतं.

भूलतज्ज्ञ
नाना, बारा जण खोटं बोलत नाहीत, मोकळं वाटलं हे शंभर टक्के खरं असणार. कापूर, मेंथॉल या गोष्टी नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसांना चेतवतात. हवा आत जास्त जाते असं मेंदूला वाटतं, नाक चोंदलेलं असेल तरी उघडल्यासारखं वाटतं. शिवाय पुडी काढायला तुम्ही थांबलात, दोन खोल श्वास घेतलेत. दम त्या थांबण्याने गेला. नुसते थांबला असतात तरी गेला असता. आणि डबीतल्या बामलाही माझं हेच उत्तर आहे, दोनशेचा असो नाहीतर दोन रुपयाचा.

पण माझी खरी भीती हीच आहे की "बरं वाटतं". उंचीवर डोकं दुखायला लागलं, मळमळ, झोप नाही, तर तो इशारा असतो की आज वर जायचं नाही, इथेच थांबायचं. तो इशारा कापराच्या वासाखाली दाबला की माणूस दुसऱ्या दिवशी अजून वर जातो.

गिरीभ्रमी
हे वरचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, एरवी मी फक्त वाचतो. आमच्या ग्रुपमध्ये एक काका होते, सत्तरीच्या आतले, तब्येतीने कडक, रोज पर्वती चढणारे. विमानाने लेहला उतरलो, पहिल्या दिवशी आराम करायचा होता तर काका संध्याकाळी शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढून आले. दुसऱ्या दिवसापासून डोकं दुखत होतं पण कोणाला सांगितलं नाही, रुमालात कापूर आणि सारखा रुमाल नाकाला, विचारलं की "एकदम मजेत". तिसऱ्या दिवशी पँगाँग तलाव, तो सव्वाचार हजार मीटरच्या आसपास आहे, आणि रात्री तंबूत काकांना झोपलं की धाप, बसलं की जरा कमी, खोकला सुरू, बोलताना शब्द अडकायला लागले. ड्रायव्हर स्थानिक होता म्हणून वाचलो, त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला अभी के अभी नीचे, सुबह नहीं. रात्री दीड वाजता गाडी काढली, गाडीतलं ऑक्सिजनचं सिलेंडर लावलं, लेहला हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत कोणाच्या तोंडून शब्द नाही. फुफ्फुसात पाणी झालं होतं. वाचले, आता मस्त आहेत. पण कापूर बघितला की मला तो रुमाल आठवतो.

नांदेडचा_नाना
काका वाचले हे देवाची कृपा. पण मग चूक कापराची की काकांची? पायऱ्या काय कापराने चढायला लावल्या?

भूलतज्ज्ञ
दोघांचीही नाही. ज्याने तो ऑक्सिजन म्हणून हातात दिला त्याची. सासूबाईंनी वासासाठी दिला असता तर मी एक शब्द बोललो नसतो.

मनीताई, विचित्र वस्तूच न्यायची असेल तर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर न्या, कोविडमधला कपाटात पडलाच असेल, सेल बदला. लेहला पहिले दोन दिवस आकडा नव्वदच्या खाली दिसला तर लगेच घाबरू नका, पण ग्रुपमधल्या एकाचाच इतरांपेक्षा खूप कमी दिसला आणि त्याला त्रासही होतोय तर ऐका. बोटं गार असतील तर आधी चोळून गरम करा, नेलपॉलिश काढा, नाहीतर यंत्र काहीच्या काही दाखवतं. पहिले ४८ तास नुसतं लोळायचं. नंतर ३००० मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही हा साधा हिशोब. उंचीच्या त्रासावरची गोळी आपल्या डॉक्टरला विचारूनच. आणि त्रास वाढला तर इलाज एकच, खाली उतरणं.

बिनबॅगेचा
म्हणजे यादीत अजून एक वस्तू वाढली. अभिनंदन.

रेल्वेप्रेमी_भुसावळ
कापूर राहू द्या, मला केटलवाल्यांवर बोलायचंय. हल्ली प्रत्येक डब्यात एक कुटुंब असं असतं की ज्यांनी इलेक्ट्रिक केटल आणलेली असते आणि मोबाईलच्या प्लगला लावून मॅगी शिजवतात. अरे तो प्लग मोबाईलचा आहे, तिथे बहुतेक डब्यांत ११० व्होल्टच येतात आणि तार बारीक, तुमची १५०० वॅटची केटल त्यावर लावली की आधी तुमचा कंपार्टमेंट अंधारात आणि नशीब खराब असेल तर वास जळकाच. मध्य रेल्वेने सांगितलंय की हा गुन्हा आहे, तरी लोक ऐकत नाहीत. पँट्रीचा चहा वाईट असतो, मान्य. त्यासाठी डबा पेटवणार का?

एकटी_फिरते
केटलबद्दल सहमत, आणि परदेशातही घाई करू नका. माझी इथली केटल मी हौसेने जपानला नेली होती, तिथे १०० व्होल्ट, पाणी उकळायला इतका वेळ की मी आंघोळ करून आले तरी कोमटच. नंतर भावाने समजावलं की व्होल्टेज निम्म्याहून कमी झालं की ताकद पाचपटीने पडते. हॉटेलात केटल होतीच, ती गोष्ट वेगळी.

माझी वस्तू सांगते, हसायचं तर हसा. दाराखाली सारायची रबराची पाचर. लॉजच्या खोलीची कडी नीट लागत नाही हे रात्री अकराला कळतं आणि तेव्हा खाली काउंटरवर जाऊन भांडायचं त्राण नसतं. पाचर सारायची, झोपायचं. मी ती सुताराकडून लाकडाची करून घेतली होती पण फरशीवर घसरते, रबराचीच घ्या. बिनबॅगेचा दादा, तुमच्या सात किलोत हा विचार कधी करायला लागला नसेल.

बिनबॅगेचा
नाही करायला लागला. हे मान्य. पाचरीला माझा विरोध नाही.

दुबईकर_आत्या
अगं मने, तू विमानाने जाणारेस ना? मग एवढं भांडण कशासाठी चाललंय तेच मला कळेना. कापूर पेट घेणारा म्हणून विमानात चालत नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि खाली टाकायच्या बॅगेतही नाही. पुडी एअरपोर्टवरच काढून ठेवायला लागेल. सुक्या खोबऱ्याची वाटीसुद्धा तशीच, त्यात तेल इतकं असतं की ढिगात आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून चेक-इनमध्ये अडवतात. माझ्या वहिनीच्या चार वाट्या मुंबईला गेल्या, ती आजही त्या माणसाला शिव्या घालते.

आणि दिवाळीत इकडे येणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगते, अनारसे आणू नका. आणायचेच तर खसखस न लावता करा. अमिरातीत खसखस अमली पदार्थात धरतात, सिंगापूरलाही बंदी आहे. करंजीच्या सारणातली खसखसपण त्यातच आली. आपल्याला वाटतं चिमूटभर तर आहे. तिथे चिमूट मोजत नाहीत, नाव बघतात. मी पहिल्या वर्षी आईला फोनवर हे सांगितलं तर आई म्हणाली मग त्याला अनारसा म्हणायचं कशाला.

कोथरूडची_मनी
थांबा थांबा. कापूर विमानात चालत नाही?? टूरवाल्याने ग्रुपवर चाळीस सूचना टाकल्यात, मोज्यांचे जोड किती ते पण लिहिलंय, आणि हे नाही? आणि आमचं तर जातायेताना दोन्हीकडून विमानच आहे.

नांदेडचा_नाना
आम्ही केदारनाथला रेल्वेने गेलो होतो. सहज सांगितलं.

माळकरी
सगळे लेह, दुबई, जपान करताय, वारीचं कोणी बोललं नाही. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आमची एकच वस्तू, प्लास्टिकचा कागद. पाऊस आला की डोक्यावरून घ्यायचा, थांबला की खाली अंथरून बसायचं, रात्री तंबूत ओल आली की अंथरुणाखाली. बूट भिजले तर आत जुना पेपर कोंबायचा, सकाळी बऱ्यापैकी कोरडे. पेपर दिंडीत कुणाकडेही मिळतो, वाचून झालेला. कापूर आमच्याकडेपण असतो पण तो आरतीला.

भूलतज्ज्ञ
माळकरी, हाच कापराचा योग्य उपयोग. फक्त घरी लहान मुलं असतील तर वर ठेवा, खडीसाखर समजून तोंडात घालतात आणि थोडा जरी पोटात गेला तरी झटके येऊ शकतात.

कोथरूडची_मनी
अपडेट देते. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं, काकांची गोष्टसुद्धा. त्या शांतपणे म्हणाल्या, मी ऑक्सिजनसाठी दिलाच नव्हता, तिकडच्या रजया कुबट असतात असं शेजारच्या वहिनी म्हणाल्या म्हणून दिला. ऑक्सिजनचं टूरवाल्याचं होतं, मीच दोन्ही एक करून बसले होते. पण पुडी न्यायचीच हा हट्ट कायम आहे. ऑक्सिमीटर सापडला, सेल फुटून आतून हिरवा झालाय, नवा मागवला.

आता दीर बाइकवर येणार आहे म्हणतोय, तिकडेच भेटेल. म्हणजे पुडी त्याच्या बॅगेत. ज्याने फेकून दे म्हटलं त्याच्याच.

भूलतज्ज्ञ
मनालीवरून येतोय की श्रीनगरवरून? मनालीच्या रस्त्याला सरचूला मुक्काम पडतो, तो ४२०० च्या वर, एकदम उडी होते. श्रीनगरवरून आला तर कारगिलला २७०० च्या आसपास एक रात्र मिळते, अंगाला सवय व्हायला बरं.

कोथरूडची_मनी
श्रीनगर. विचारून सांगितलं. आणि आत्ताच त्याचा मेसेज आलाय, "वहिनी, सामान बाइकला बांधायला तुमची ती दोरी मिळेल का?"

बिनबॅगेचा
देऊ नका. लेहला मिळते म्हणावं.