बाथरूमच्या झरोक्यात पारव्याची अंडी, सोलरखाली काड्या, कौलांत चिमण्या: मृगाच्या आत काय करता येईल?

वडगाव_मागची_पडवी (१८ एप्रिल)
बाथरूमच्या झरोक्याच्या दोन काचपट्ट्या पडल्यात, तिथं पारव्याची दोन अंडी आहेत, चार दिवस झाले. त्याच बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. गच्चीवर सोलरखाली काड्या आणायला लागलेत, अंडी अजून नाहीत. मागच्या पडवीच्या मंगलोरी कौलांत चिमण्या आहेत आणि पावसाआधी कौलं चाळायची आहेत. अंडी उचलून गच्चीवर ठेवली तर चालेल काय?

उद्यमबाग_जाळीकाम
अक्का, आधी गॅस गिझर बंद करा, बाकीचं मागनं. झरोका घरट्यानं तुंबला की जळालेला वायू आतच राहतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. तोवर पाणी स्वयंपाकघरात तापवा.

अंडी हलवू नका. पारवा जागा ओळखतो, चार हात लांब ठेवलेल्या अंड्यांवर बसत नाही. अंडी साधारण १८ दिवसांत फुटतात, पिल्लं पुढं चार-पाच आठवड्यांत उडतात. म्हणजे जूनचा पहिला आठवडा, मृगाच्या तोंडावर. पण पिल्लं घरट्यात असतानाच जोडी जवळपास दुसरी अंडी घालते. म्हणून सोलरखालची जागा आजच बंद करायला हवी.

हात घालून अंडी नाहीत याची खात्री करा, काड्या काढा आणि त्याच दिवशी जाळी लावा. नुसत्या काड्या काढल्या तर उद्या परत आणतात. अर्धा इंची भोकांची जीआय वेल्ड मेश (जस्त चढवलेल्या लोखंडी तारेची जाळी) घ्या, प्लास्टिकची जाळी उन्हानं कडक होऊन तुटते. पॅनेलच्या पेटीला भोक पाडू नका. जाळी जीआय तारेनं स्टँडला बांधा आणि व्हॉल्व्हपाशी एक तुकडा उघडता येईल असा ठेवा, नाहीतर दुरुस्तीला सगळं सोडावं लागतं.

कौलारू_खानापूर
पाखरं भ्यावीत म्हणून टांगलेल्या जुन्या सीडी, प्लास्टिकचं घुबड यांना पाखरं चार दिवसांत सरावतात. चिकट जेल तर लावूच नका, पिसं चिकटली की पाखरू उडू शकत नाही.

चिमण्यांचं गणित वेगळं. अंडी ११ ते १४ दिवस, पिल्लं उडायला साधारण पंधरा दिवस. एक वेत संपलं की लगेच दुसरं सुरू होतं, म्हणून मधल्या दोन-चार दिवसांतच हात घालायचा. आरसा आणि मोबाईलची बॅटरी घेऊन वळचणीच्या कौलाखाली बघा. किलबिल ऐकू आली तर ती ओळ सोडून बाकीची कौलं चाळा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं, घरटं हलवणं हीसुद्धा शिकारच धरलीय.

रिकामं झाल्यावर वळचणीच्या गोलाईत वेल्ड मेशचे तुकडे वाकवून बसवा. चिंध्या कोंबू नका, पाण्यानं फुगतात आणि खालची रीप कुजते. त्याआधी आठवडाभर चिमण्यांसाठी घरट्याची पेटी टांगा: भोक ३२ मिलिमीटर, उंची आठ-दहा फूट, तोंड पूर्वेला. आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडनं मारतो.

वडगाव_मागची_पडवी
गिझर बंद केला. पिल्लं गेल्यावर झरोका कसा साफ करायचा? झाडूनं पुसून घेतलं तर?

उद्यमबाग_जाळीकाम
कोरडी विष्ठा झाडू नका. ती धूळ फुप्फुसात जाते, दम्याच्या माणसाला तर फारच वाईट. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. आतल्या बाजूनं झरोका कागद आणि टेपनं बंद करा, कारण घरटं हललं की त्यातले बारीक किडे रक्ताच्या शोधात घरात शिरतात. साबणाचं पाणी हळू फवारा, प्रेशरचा पाईप नको. दहा मिनिटं भिजू द्या, मग सगळं दोन पिशव्यांत भरून तोंड बांधा.

जागा धुऊन वाळली की त्याच दिवशी बाहेरनं अर्धा इंची वेल्ड मेश, चौकटीला दर सहा इंचांवर स्क्रू आणि वायसर. प्लायवूड किंवा पत्रा ठोकू नका, गिझरला हवा लागते. आतला कागद काढल्याशिवाय गिझर पेटवू नका.