अलाबामाचे जॉन्सनसाहेब: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-२०३: अमेरिकेत केंद्राच्या कोर्टाचा न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतो म्हणे, आणि तोही तहहयात. म्हणजे जन्मभर त्याचीच तळी उचलायची!

बी-४०१ (वकीलकाका): उलट आहे हो. नेमणूक तहहयात, पगार कमी करता येत नाही, काढायचं तर महाभियोग. मग कुणाची तळी कशाला उचलेल? फ्रँक जॉन्सन वाचा.

सी-१०२: हे कोण काका? सुप्रीम कोर्टातले?

बी-४०१: नाही ताई, खालच्या कोर्टातले. अलाबामा राज्यातल्या मोन्टगोमरी शहरात साक्षीपुरावे ऐकायला बसणारे. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनी नेमलं. पुढच्याच वर्षी समोर बसचा खटला. गंमत बघा, गोऱ्या माणसाला बसमधली जागा द्यायला नकार देऊन गाजलेल्या रोझा पार्क्स त्यात वादी नव्हत्याच, दुसऱ्या चार बायका होत्या. तिघांचं पीठ, निकाल २ विरुद्ध १: काळ्या-गोऱ्यांना बसमध्ये वेगळं बसवणं घटनाबाह्य. जॉन्सन त्या दोघांतले. सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी शिक्कामोर्तब केलं.

डी-३०४: टँकर आला का कुणी बघितलं?

सेक्रेटरी: साडेअकराला येतोय. काका, चालू द्या.

बी-४०१: पुढे १९६५. काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून मोन्टगोमरीला मोर्चा निघाला, पोलिसांनी पुलावरच झोडपून काढला. मोर्चाला विरोध होता राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांचा, आणि ते जॉन्सनचेच लॉ कॉलेजचे वर्गमित्र! जॉन्सननी लगेच हिरवा कंदील नाही दाखवला. आधी मनाई, मग सुनावणी, मग परवानगी. तीही अशी की दुपदरी रस्त्यावर ३०० च माणसं. म्हणणं असं, की अन्याय जेवढा मोठा तेवढी निषेधाला मोकळीक जास्त. मला हा माणूस इथे आवडतो. चळवळीतला नव्हता, रिपब्लिकन होता, पण कागद समोर आला की कायदा सांगेल ते.

ए-२०३: आणि त्याच गावात राहायचं? दूधवालासुद्धा बोलायचा नाही.

बी-४०१: तेच तर. वॉशिंग्टनमधल्या सुप्रीम कोर्टाच्या नऊ जणांना हा ताप नसतो. यांना ओळखीपाळखीच्यांनी वाळीत टाकलं, घराला पहारा बसला, आणि १९६७ मध्ये आईच्या घरावर बॉम्ब टाकला. म्हातारी थोडक्यात वाचली.

सी-१०२: बाप रे. आणि तरी बदली मागितली नाही?

बी-४०१: छे! पुढे तर सरकारी मनोरुग्णालयाचीच झाडाझडती. टस्कलूसाचं ब्राइस हॉस्पिटल, पाच हजारांवर रुग्ण. १९७१ मध्ये म्हणाले, उपचार नसतील तर माणसाला नुसतं कोंडून ठेवता येणार नाही. १९७२ च्या आदेशात मग बारीकसारीक सगळं: आठ रुग्णांमागे एक संडास, १५ जणांमागे एक शॉवर, नर्स किती, डॉक्टर किती.

सेक्रेटरी: 😅 आपल्या क्लबहाऊसला लावा की हा नियम.

ए-२०३: पण काका, संडास मोजणं न्यायाधीशाचं काम का? ते सरकारने बघावं ना.

बी-४०१: हाच आक्षेप तिकडेही होता, आणि तो अगदीच पोकळ नाही. पण रुग्णांकडून निवडणुकीत मतं मिळायची नाहीत, त्यामुळे आमदार बघत नव्हते. खटला किती चालला ठाऊक आहे? २००३ पर्यंत! जॉन्सन १९७९ लाच अपील कोर्टात गेले, १९९९ ला वारले. त्यांच्यामागेही चार वर्षं तारखा चालूच.

सी-१०२: म्हणजे तारीख पे तारीख तिकडेही आहे तर!

डी-३०४: टँकर आला. बी विंगने आधी व्हॉल्व्ह बंद करा.