पुन्हा: पुन्हा: नागपूरहून कीबोर्ड - लेआउट कोणता? (शुक्रवारपर्यंत सांगा)

प्रेषक: मंदार

नमस्कार मंडळी,

जर्मनीतल्या आपल्या मंडळाच्या कीबोर्डसाठी काल नागपुरात बर्डीवर फिरलो. अधिवेशन सुरू आहे, मॉरिस कॉलेज टी पॉइंटला मोर्चा अडवलेला, त्यामुळे ऑटोवाल्यानं अलीकडेच उतरवलं आणि बाकी सगळं पायी. सहा दुकानं झाली. "मराठीवाला मेकॅनिकल" म्हटलं की माणूस एकदा माझ्याकडे बघतो, आत जातो आणि मेंब्रेनवाला घेऊन येतो. देवनागरी छापलेली आहे, पण खाली रबर. दाबलं की बोट चिखलात गेल्यासारखं वाटतं. असाच एक अण्णांनी आठ महिन्यांत संपवला होता, म्हणून घेतला नाही. मेकॅनिकलचा तोटा नाही, पण सगळे गेमिंगचे: सात रंगांचे दिवे आणि अक्षरं फक्त इंग्रजी.

मार्ग एक दिसतो. साधा 104 बटनांचा मेकॅनिकल घ्यायचा आणि त्यावर अक्षरं कोरून घ्यायची. महालात ट्रॉफ्या आणि नेमप्लेटा करणारा एक जण आहे, त्याच्याकडे लेझर आहे. एका बटनाचे दहा रुपये म्हणतो. अक्षरांची बटनं 47, म्हणजे एका कीबोर्डचे 470. दोन घेणार आहे.

आता लेआउट सांगा, म्हणजे कुठलं अक्षर कुठल्या बटनावर. शुक्रवारी त्याला द्यायचं आहे, रविवारी रात्री माझं विमान.

मंदार

---

प्रेषक: अण्णा

मंदार,

यात विचारायचं काय? रेमिंग्टन. स्मरणिका मी टाइप करतो, पाडव्याचीही मीच करणार. माझी बोटं 1979 पासून टाइपरायटरच्या या लेआउटवर आहेत, आता वळणार नाहीत.

बटनांखालचे स्विच निळे घे. आवाज आला पाहिजे. आवाज नाही तर अक्षर उमटलं की नाही हे कळणार कसं?

अण्णा

---

प्रेषक: निखिल

अण्णा, आदर ठेवून लिहितो, पण गेल्या पाडव्याला काय झालं ते आठवा. तुमची फाइल क्रुतीदेवमध्ये होती, छपाईवाल्याकडे तो फॉन्ट नव्हता. मुखपृष्ठावर "मराठी" ऐवजी इजेकेबीएच अशी इंग्रजी अक्षरं आली. रात्री अकराला फोन मला आला होता, तुम्हाला नाही.

इनस्क्रिप्टच घ्या. भारत सरकारचं मानक आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे आधीपासून असतं, काही उतरवून घ्यावं लागत नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. क-ख एकाच बटनावर, ग-घ एकाच, त-थ एकाच. ज्याला बाराखडी येते त्याला आठवड्यात जमतं.

आणि निळे स्विच नकोत. अण्णा रात्री बारानंतर टाइप करतात. इथे दहानंतर शांतता पाळायची असते, खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा चिठ्ठी लावलीच आहे. तपकिरी घे, बोटाला खट्ट कळतं, कानाला कमी.

---

प्रेषक: अण्णा

चिठ्ठी कीबोर्डसाठी नव्हती, मिक्सरसाठी होती.

फॉन्टचा दोष लेआउटवर ढकलू नये. रेमिंग्टन युनिकोडमध्येही मिळतो, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठी मराठीच राहतं. तसा लावून दे, मी तसा टाइप करीन.

---

प्रेषक: बापूकाका

सर्वांस सप्रेम नमस्कार,

प्रथम, शब्द "कळफलक" असा आहे. कीबोर्ड कीबोर्ड काय चालवलंय? मराठी मंडळ आहे ना हे?

दुसरं असं की मी धंतोलीत टायपिंग शिकलो. एका हॉलमध्ये पंधरा मशीन, वर एकच पंखा, आणि मे महिन्यात घाम टपकून कार्बन पेपरला डाग पडायचे. सर काटकुळे होते, मान वर न करता फक्त आवाजावरून ओळखायचे कोण खाली बघून टाइप करून राहिला. मराठी 30 पास झालो, 40 ला दोनदा नापास, का तर वेलांटी. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, हे हाताला इतकं बसलेलं की इनस्क्रिप्टवर आजही "किती" लिहायला गेलो की वेलांटी आधी पडते. तिथे ती अक्षरानंतर हवी.

पण अण्णा, एक मजा बघा. कळफलकावर दोन कळांना उंचवटे असतात, एफ आणि जे. रेमिंग्टनमध्ये एफवर पहिली वेलांटी आणि जेवर र. इनस्क्रिप्टमध्येही एफवर पहिली वेलांटी आणि जेवर र! बोटं टेकतात त्या जागा सारख्याच. बदलतो तो फक्त आधी-नंतरचा क्रम. म्हणजे तुम्ही म्हणता तितकं अवघड नाही.

(के मात्र फसवतो. रेमिंग्टनमध्ये तिथे काना, इनस्क्रिप्टमध्ये क.)

बापूकाका

---

प्रेषक: शुभाताई

बापूकाकांचा किस्सा छान.

पण दोन कीबोर्डांपैकी एक शाळेसाठी आहे हे सगळे विसरलेत का? शनिवारच्या वर्गातली मुलं फोनवर इंग्रजी अक्षरांत "आई" लिहितात आणि खाली आपोआप मराठी येतं. तेच त्यांचं मराठी टायपिंग. मागे एकानं "बाळ" लिहायला घेतलं आणि पहिला पर्याय "बाल" आला म्हणून तोच निवडला. ळ कुठे असतो हे त्याला माहीतच नाही. बटनावर ळ दिसला तर निदान एकदा दाबून तरी बघेल.

तेव्हा शाळेचा इनस्क्रिप्ट. स्मरणिका समितीनं आपलं काय ते ठरवावं.

---

प्रेषक: वर्षा (खजिनदार)

ठरावात "कीबोर्ड" असं एकवचनी आहे. इतिवृत्त बघावं. दुसऱ्याचे पैसे शाळेच्या खात्यातून जातील.

---

प्रेषक: शुभाताई

शाळेच्या खात्यात काय उरलंय ते वर्षाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

---

प्रेषक: निखिल

मंदार, पैशांचं त्या दोघी बघतील. तू एक लक्षात ठेव: बोजा वाचवायला नुसती बटनं काढून आणू नकोस, अख्खा कीबोर्ड आण. जर्मन कीबोर्डचा एंटर उभा आणि मोठा असतो, डावीकडची शिफ्ट छोटी, तिच्या शेजारी एक बटन जास्त. भारतातली बटनं तिथे बसत नाहीत.

शिवाय जर्मन कीबोर्डवर इनस्क्रिप्ट लावलं की जे छापलंय आणि जे उमटतं त्याचा काही मेळ नसतो. च येतो दोन टिंबांच्या ओवर, ट दोन टिंबांच्या एवर, य उणे चिन्हावर, आणि ब झेडवर, कारण जर्मनीत वाय आणि झेडची अदलाबदल आहे. "कॉफी"मधला ॉ एंटरला चिकटलेल्या बटनावर जातो. भारतात तोच एंटरच्या वर असतो. माझ्या बायकोनं दोन महिने "कफी" लिहिलं.

---

प्रेषक: बापूकाका

निखिल, "कळफलक".

---

प्रेषक: मंदार

मंडळी, आज महालात जाऊन आलो. दोन्ही इनस्क्रिप्ट करून राहिलो. अण्णा, तुमच्या संगणकावर युनिकोडचं रेमिंग्टन मी लावून देईन, तुम्ही तसंही खाली बघत नाही, त्यामुळे वर काय छापलंय त्यानं तुम्हाला फरक पडत नाही. दुकानात हे वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, मग कोरतो कशाले बे, कोराच ने. बरोबर आहे, पण शाळेची मुलंही तो वापरणार.

स्विच तपकिरी.

कोरणाऱ्यानं एक बटन करून दाखवलं. दिवेवाल्या कीबोर्डचं होतं. लेझरनं वरचा काळा रंग जळतो आणि खालचं पांढरं प्लास्टिक दिसतं, म्हणजे दिवा लावला की अक्षरातून उजेड येतो. क मोठा, वर डाव्या कोपऱ्यात छोटा ख. सुंदर झालं. वास मात्र जळक्या बांगडीसारखा.

मग त्यानं पूर्ण नकाशा कॉम्प्युटरवर मांडला, तेव्हा बसलोच. इंटरनेटवरून कुठलंसं चित्र घेतलेलं. ळ एलवर टाकलेला, ऱ गायबच. त्याला म्हटलं, दादा, ऱ नसला तर "दऱ्या" कसं लिहायचं? तो म्हणे, "दर्या लिहा ना." आता डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्राचा दर्या याला कसा समजावू? उद्या सकाळी दहाला पुन्हा जायचं आहे. कोणीतरी अक्षरांची यादी तपासून पाठवा, माझ्यावर भरवसा ठेवू नका.

---

प्रेषक: अण्णा

ळ एनवर, शिफ्ट दाबून. ऱ जेवर, शिफ्ट दाबून. ण सीवर, शिफ्ट दाबून. श एमवर, तोही शिफ्ट दाबून, आणि ष त्याच्या शेजारी. पाय मोडायची खूण डीवर. मराठीला झेड लागत नाही, ते रिकामं सोडायला सांग, नाहीतर तो तिथे काहीतरी घालेल. ऑफिसमध्ये 1995 साली सहा महिने इनस्क्रिप्ट वापरावं लागलं होतं, म्हणून माहीत आहे. आवडलं म्हणून नाही.

एक निळा स्विचवाला माझ्या खर्चानं आण. कोरा. वर्षाला सांगू नकोस.

---

प्रेषक: वर्षा (खजिनदार)

अण्णा, ही मेल सगळ्यांना गेली आहे.