पिवळी रेघ शाळेबाहेर, पुडी घरात: निपाणीतली तंबाखूविरोधी फेरी नेमकी कुणासाठी?

वेदगंगाकाठ:
माझं झेरॉक्सचं दुकान निपाणीत, एका हायस्कूलच्या वाटेवर. दरवर्षी ३१ मेच्या सुमारास दुकानासमोरून तंबाखूविरोधी दिनाची फेरी जाते. पुढं बॅनर, मागं पीटीचे सर, मधे पोरं घसा फोडून ओरडतात. यंदा फेरी सुटल्यावर अर्ध्या तासात त्यातलाच एक सातवी-आठवीतला शेजारच्या पानपट्टीवर आला. काखेत अजून घोषणेचा पुठ्ठा. म्हणाला, "काका, एक पुडी आणि चुना. बाबांना पायजे." पानपट्टीवाल्यानं दिली. मी बघत होतो आणि गप्प बसलो, हे आधीच सांगून टाकतो.

त्या वयात मीही हेच करत होतो. उरलेले चार आणे माझे. आजोबांना मळून द्यायचं कामही माझंच, चुना किती लागतो हे मला पाढ्यांच्या आधी कळलं. पहिली चिमूट कुणा वाईट संगतीनं दिली नाही, आजोबांच्या चंचीतूनच उचलली.

कायदा आता कडक झालाय. २०२५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि कर्नाटकात तंबाखू विकत घेण्याचं वय १८ वरून २१ झालं, दंड २०० चा १००० पर्यंत गेला, शाळेपासून १०० मीटरच्या आत विक्री नाही (शाळेबाहेरची पिवळी रेघ ती याचीच खूण), सुटी सिगारेट नाही. पण हे सगळं दुकानापाशी थांबतं. पोराला दुकानात पाठवणाऱ्याशी कोण बोलतं? माझं म्हणणं, पोरांच्या फेऱ्या बंद करा आणि तोच वेळ गल्लीत आई-बापांच्या बैठकीला द्या.

टपरीवरून:
मी पानपट्टीवालाच हाय, तुमच्या शेजारचा नव्हं. १९ वर्षांचा पोरगा मतदान करतोय, सैन्यात भरती हुतोय, अन् त्याला मी म्हणू "बाळ, आधार दाखव"? दोन शिव्या घालून पुढच्या टपरीवर जाईल. आणि निपाणीतनं कॉलेजला पोरं हद्द ओलांडूनच जात्यात की. अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्र. तिथं वय अजून १८च. सकाळी तिकडं घ्यायची, संध्याकाळी इकडं खायची. दंड मात्र माझ्या गल्ल्यातनं.

चिकोडीचा जावई:
वेदगंगाकाठ, "दुकानापाशी थांबतं" हे चूक आहे. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७ वाचा. १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. देणारा कोण, हे त्यात बघत नाहीत. दुकानदारही आला आणि चंचीवाले आजोबाही.

दुसरं म्हणजे चित्र तुम्ही रंगवता तेवढं काळं नाही. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू पाहणीत १३ ते १५ वयाची देशातली ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरणारी निघाली, कर्नाटकात फक्त १.२ टक्के. देशात खालून दुसरा नंबर. म्हणजे फेऱ्या, शपथा, फलक यांचा काहीतरी उपयोग होतोय की!

वेदगंगाकाठ:
आजोबांना सात वर्षं? कोण तक्रार देणार, नातू?
१.२ वर माझा विश्वास नाही. वर्गात बसून, बाकावर शेजारी मित्र असताना कोण खरं लिहील?

चिकोडीचा जावई:
पाहणीच्या कागदावर नाव लिहायचं नसतं. आकडा आवडला नाही म्हणून खोटा ठरवायचा, ही चांगली रीत आहे.

दाढदुखी:
बेळगावात दातांचा दवाखाना आहे. आकड्याच्या भांडणात एक भर घालतो. "तंबाखू खातोस का?" असं विचारलं की टिळकवाडीतला कॉलेजचा पोरगा मान हलवून नाही म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. "मावा खातोस का?" विचारलं की "हां, तो कधीकधी." त्याच्या डोक्यात मावा म्हणजे सुपारी. आत तंबाखू मळलेला असतो हे त्याला ठाऊक आहे, पण तो स्वतःला तंबाखू खाणारा समजत नाही. कागदावर काय खूण करत असेल, तुम्हीच ठरवा.

त्यात गुटख्यावर कर्नाटकात २०१३ पासून बंदी आहे. मग दोन पुड्या निघाल्या, एकीत पानमसाला, दुसरीत तंबाखू, गिऱ्हाईक स्वतः एकत्र करतो. काही पोरं अभिमानानं सांगतात, आम्ही नुसता पानमसालाच खातो. अरे बाबा, तोंड आखडतं ते मुख्यतः सुपारीनं! आरशासमोर उभं राहून आपलीच तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा. मी विशी-बाविशीतली पोरं बघतो ज्यांची दोनच जातात. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी, पाणीपुरी फोडून खावी लागते. हे सैल करणारं औषध माझ्याकडे नाही, फक्त पुढं वाढू नये एवढं बघता येतं, तेही सोडलं तर.

आणि फेरीच्या बॅनरवर काय असतं? जळती सिगारेट, वर फुली. देशात धूर काढणारे १०.७ टक्के आणि तोंडात धरणारे २१.४ टक्के, ही २०१६-१७ ची प्रौढांची पाहणी. आपल्याकडची पोरं चघळतात आणि आपण त्यांना सिगारेटचं चित्र दाखवतो.

कोरडवाहू:
सगळे शहाणे बोलून झाले असतील तर पिकवणाऱ्याचं ऐका. आमच्या वरच्या रानाला कॅनॉल नाही. खाली ऊस आला, वर सोयाबीन, नाहीतर तंबाखू. १९८१ ला शरद जोशींबरोबर निपाणीत हायवे अडवून बसलेल्यांत माझे वडील होते. तंबाखूला भाव मागत होते. गोळीबार झाला, माणसं गेली. त्याच जर्द्याच्या पैशावर मी शिकलो, आता माझी पोरं शिकतात.

मागल्या वर्षी शाळेत शपथ झाली. सरांनी कुणाचा बाप काय करतो विचारलं. माझा धाकटा म्हणाला, शेती. काय पिकवता? "ऊस." गुंठाभरही ऊस नाही आमचा. घरी येऊन आईला सांगितलं त्यानं. तुमच्या मोहिमेनं माझ्या पोराला एवढंच शिकवलं, बापाची लाज.

मी खात नाही. फुटवे काढताना ओल्या पानांनी अंगाला लागतो तेवढाच पुरे, डोकं गरगरतं, ओकारी होते. तो विष आहे हे मला शपथ घेऊन कळायला नको.

टपरीवरून:
आणि सरकारचं बघा. पोरांना शपथ, अन् सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कौन्सिलनं बिडीवरचा कर २८ वरनं १८ करायचं ठरवलं!

दाढदुखी:
बिडीचा कर कमी होणं मलाही पटलेलं नाही. कोरडवाहू, तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. पण पीक बदलायचा प्रश्न आणि पोरांच्या तोंडाचा प्रश्न एकाच गाठोड्यात बांधला तर दोन्ही तसेच राहतील.

वखारीची लेक:
वेदगंगाकाठ दादा, तुमचा मुद्दा वाचून आधी पटला, मग राग आला. घर, घर म्हणता. घराला ही सवय कुणी लावली?

माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत होती. चाळणीवर बसायची. संध्याकाळी आली की पदर झटकायची आणि आम्ही तिघं भावंडं शिंकायला लागायचो. तिथं सकाळची भाकरी दुपारपर्यंत पुरत नसे, म्हणून बायका मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावायच्या. भूक मरते. तिनं मला सहाव्या वर्षी दात दुखतो म्हणून मिश्री लावली. वाईट आई नव्हती ती. ऐंशीच्या दशकात वखारीतल्या बायकांनी संघटना केली, मालकाशी भांडल्या, त्यात तीही होती. मजुरी वाढली. मिश्री राहिली ती राहिलीच.

माझी सुटली ती कायद्यानं नाही आणि आईच्या बैठकीनंही नाही. नववीत बाईंनी वर्गात सगळ्यांसमोर नाही, एकटीला बाजूला घेऊन विचारलं, "दिवसातनं किती वेळा?" कुणी किती वेळा असं विचारलंच नव्हतं. मग आठवड्याला एकदा विचारायच्या. दीड वर्ष लागलं.

म्हणून पोरांना वगळून आई-बापांकडं जाऊ नका. दोन्हीकडं जा, पण हळू आवाजात.

चिकोडीचा जावई:
प्रत्येक शाळेत अशा बाई नसतात, ताई. म्हणूनच कायदा लागतो.

वखारीची लेक:
असेल. पण कायदा "किती वेळा" विचारत नाही.

वेदगंगाकाठ:
फेऱ्या "बंद करा" हे मी रागात लिहिलं, मागे घेतो. घराचं मात्र मागे घेत नाही. शेजारच्या पानपट्टीवाल्याशी काल बोललो. म्हणाला, पोराला परत पाठवतो, पण मग बाप येऊन भांडतो, तेव्हा तुम्ही दुकानातनं बाहेर येणार काय? येतो म्हटलंय. आमच्या गल्लीत या रविवारी सकाळी दहाला बैठक ठेवतोय, दाढदुखी डॉक्टर येणार असतील तर बरं.

दाढदुखी:
येतो. आरसा आणतो.

वखारीची लेक:
सकाळी दहाला बाप येतील, बायका येणार नाहीत. रविवारी धुणं असतं आणि बिड्या वळायच्या असतात. रात्री आठनंतर ठेवा. आणि फेरीच्या दिवशी पोरांना बिस्किटपुडा मिळतो, तो बंद करू नका.