कटाडिनचे नियोजित उद्यान: पाठिंब्याच्या पत्रातील एका वाक्याविषयी

विषय: कटाडिन उद्यानासाठी मंडळाचे पत्र
प्रेषक: बोस्टन विभाग, पर्यावरण समिती
दिनांक: २० मे २०१६

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

अमेरिकेतील मेन राज्याच्या उत्तर भागात, कटाडिन पर्वताच्या पूर्वेला, सुमारे ८७,५०० एकर जंगल उद्योजिका रॉक्सॅन क्विंबी यांच्या न्यासाने केंद्र सरकारला दान देऊ केले आहे, हे आपणांपैकी अनेकांनी वाचले असेल. तेथे राष्ट्रीय उद्यान करण्यास काँग्रेस (अमेरिकेची संसद) तयार होत नसल्यामुळे राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी १९०६ च्या कायद्याने मिळालेल्या अधिकारात त्या जमिनीला राष्ट्रीय स्मारकाचा, म्हणजे संरक्षित सार्वजनिक जागेचा, दर्जा द्यावा, अशी मागणी आता होत आहे. गेल्या सोमवारी राष्ट्रीय उद्यान सेवेचे संचालक जोनाथन जार्विस आणि मेनचे सिनेटर अँगस किंग यांनी ईस्ट मिलिनॉकेट व ओरोनो येथे लोकांचे म्हणणे ऐकून घेतले. ओरोनोच्या सभेला आपले काही सभासदही गेले होते.

मंडळाच्या उन्हाळी सहली वर्षानुवर्षे ज्या अकेडियाला जातात, ते उद्यानही असेच लोकांनी दान दिलेल्या जमिनीवर उभे आहे आणि १९१६ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी त्याला प्रथम स्मारक म्हणूनच मान्यता दिली होती. त्यामुळे या प्रस्तावाला मंडळाने पाठिंबा द्यावा असे समितीला वाटते. पत्राचा मसुदा सोबत आहे. निवडणुकीचे वर्ष असल्यामुळे त्यात कोणत्याही उमेदवाराचा वा पक्षाचा उल्लेख केलेला नाही.

हरकती असल्यास आठ दिवसांत कळवाव्यात.

आपली,
समितीच्या वतीने

---

विषय: उत्तर: कटाडिन उद्यानासाठी मंडळाचे पत्र
प्रेषक: बँगोर, मेन येथील एक सभासद
दिनांक: २२ मे २०१६

ताईंस व सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

हे उद्यान व्हावे असे मला मनापासून वाटते आणि पत्रावर मंडळाचे नाव असावे असेही वाटते. तथापि मसुद्यातील तिसऱ्या परिच्छेदात "जमीन दानात मिळत असल्यामुळे करदात्यांवर कोणताही भार पडणार नाही" असे जे वाक्य आहे, ते तसेच ठेवण्यास माझी स्पष्ट हरकत आहे. ते वस्तुस्थितीला धरून नाही आणि जंगलाशेजारच्या ज्या गावांच्या भल्यासाठी आपण हे पत्र लिहीत आहोत, तेथील लोकांचा रोष नेमका याच आश्वासनावर आहे.

न्यासाने जमिनीबरोबर २ कोटी डॉलरचा कायमनिधी देऊ केला आहे आणि आणखी २ कोटी जमवून देण्याचे वचन दिले आहे. एका कुटुंबाने एवढे करावे याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच आहेत. पण कायमनिधीच्या मुद्दलाला हात लावायचा नसतो. वर्षाला ४ टक्के उत्पन्न धरले तर पहिल्या २ कोटींतून ८ लाख आणि पूर्ण ४ कोटी जमल्यावर १६ लाख डॉलर हाती येतील. त्यातून रेंजरांचे पगार, कार्यालय, स्वच्छतागृहे, हरवलेल्यांचा शोध आणि शिवाय रस्ते, हे सगळे भागवायचे आहे. राष्ट्रीय उद्यान सेवेची देशभरातील रखडलेली देखभालीची कामे आजच जवळजवळ १,२०० कोटी डॉलरची आहेत. तेव्हा असलेली उद्याने सांभाळता येत नसताना आणखी एक कशाला, असे कोणी विचारले तर त्याला विकासविरोधी म्हणून उडवून लावता येणार नाही.

रस्त्यांचा उल्लेख मी मुद्दाम केला. पनॉबस्कॉट नदीच्या पूर्व फाट्यापलीकडे जाण्यासाठी जो कच्चा रस्ता आहे, तो लाकूडवाहतुकीसाठी बांधलेला आहे. समोरून ओंडक्यांनी भरलेला ट्रक आला की आपली गाडी पार चरापर्यंत कडेला घ्यायची, काचा वर करायच्या आणि धुरळा खाली बसेपर्यंत थांबायचे, कारण त्या रस्त्यावर पहिला हक्क ट्रकचा असतो. नदीवरचा पूल एकेरी आहे. बर्फ वितळायच्या दिवसांत सगळीकडे चिखल होतो आणि चाके रुतून बसतात. लाकूड कंपन्या आपापल्या गरजेपुरती खडी टाकतात. उद्या लहान मुलांना घेऊन कुटुंबे येऊ लागली, की रस्ता बारमाही नीट ठेवण्याचा खर्च कोणाकडे जाणार, हे आज निश्चितपणे कोणीही सांगत नाही. आपल्या पत्रातही त्याबद्दल अवाक्षर नाही.

आता गावांविषयी. मिलिनॉकेटची ग्रेट नॉर्दर्न कागद गिरणी १९०० साली सुरू झाली. भरभराटीच्या काळात कंपनीकडे चार हजारांहून अधिक माणसे कामाला होती आणि मालमत्ता कराचा मोठा वाटा गिरणीच भरत असल्यामुळे शाळा, रस्ते, अग्निशमन दल या सगळ्याचा डोलारा तिच्यावर उभा होता. मिलिनॉकेटची गिरणी २००८ साली आणि ईस्ट मिलिनॉकेटची २०१४ साली बंद पडली. ज्यांचे वडील वा आजोबा परळ-लालबागच्या गिरण्यांत होते, त्यांना अशा गावाचे काय होते हे वेगळे सांगायला नको. त्याच अनुभवातली आणखी एक गोष्ट येथे आठवते. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग लोकांच्या मोकळ्या जागांसाठी मिळायचा होता, पण २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली आणि उद्यानांच्या वाट्याला फारच थोडे आले. कागदावर नेमके काय लिहिले आहे, यावर सगळे ठरते.

गेल्या वर्षी जूनमध्ये ईस्ट मिलिनॉकेटच्या मतदारांनी १९१ विरुद्ध ३२० मतांनी आणि शेजारच्या मेडवे गावाच्या मतदारांनी १०२ विरुद्ध २५२ मतांनी उद्यानाला नकार दिला. ही मते कोणावर बंधनकारक नव्हती, तरी ती आपल्या पत्रात कुठेच दिसू नयेत हे मला योग्य वाटत नाही. या विरोधामागे केवळ अडाणीपणा आहे असे शहरी वृत्तपत्रांच्या सुरातून वाटते, ते मला पटत नाही. जमीन विकत घेतल्यावर क्विंबी यांनी तेथे शिकार व स्नोमोबिल (बर्फावर चालणारी गाडी) बंद केली होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानात हरणाच्या शिकारीला जायचे त्याच्या तोंडाशी एके दिवशी फाटक दिसणे ही साधी गोष्ट नाही. त्यांचे चिरंजीव लुकास सेंट क्लेअर यांनी पुढे काही भाग पुन्हा खुला केला आणि घरोघरी जाऊन लोकांशी बोलणी केली, त्यामुळे वातावरण बरेच निवळले. तरी एकदा उडालेला विश्वास एवढ्यात परत बसत नाही.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा तर त्यांच्या अंगणातच आहे. मेनचे एकेकाळचे गव्हर्नर पर्सिव्हल बॅक्स्टर यांनी कटाडिनसाठी राज्याकडे वारंवार पैसे मागितले, पण विधिमंडळाने दिले नाहीत. तेव्हा पदावरून उतरल्यावर त्यांनी १९३० साली स्वतःच्या पैशाने ग्रेट नॉर्दर्नकडून सुमारे ६,००० एकर विकत घेतले, पुढील तीस वर्षे जमीन घेत राहिले आणि दोन लाखांहून अधिक एकर राज्याच्या स्वाधीन केले. मागे त्यांनी एवढा मोठा निधी ठेवला की बॅक्स्टर उद्यान आजही त्या निधीवर, प्रवेश व मुक्कामाच्या शुल्कावर आणि राखून ठेवलेल्या एका भागातील लाकडाच्या उत्पन्नावर चालते, राज्याच्या सर्वसाधारण करावर नाही. दानपत्रात कोठे शिकार चालेल आणि कोठे चालणार नाही हेही त्यांनी लिहून ठेवले. तेव्हा "बॅक्स्टरसारखे करा, मग बोलू" असे मिलिनॉकेटचा माणूस म्हणतो, त्याला उत्तर द्यायलाच हवे.

माझे उत्तर असे आहे. बॅक्स्टर यांच्याएवढा निधी देणारा माणूस दर पिढीला भेटत नाही आणि सार्वजनिक जागेचा सगळा भार एखाद्या श्रीमंताच्या औदार्यावर टाकणे मुळातच बरोबर नाही. शाळेला आणि ग्रंथालयाला आपण कर देतो, तसा या जंगलालाही द्यावा, इतके ते मोलाचे आहे. म्हणून खर्च लपवण्याऐवजी, या उद्यानावर सार्वजनिक पैसा खर्च व्हावा अशी मागणीच मंडळाने उघडपणे आणि ठामपणे करावी. त्याचबरोबर सिनेटर किंग व कॉलिन्स यांनी गेल्या नोव्हेंबरमध्ये मांडलेल्या अटींना, विशेषतः शिकार व स्नोमोबिलविषयीच्या अटींना, आपला पाठिंबा लेखी असावा.

मसुद्यात "हजार रोजगार निर्माण होतील" असे म्हटले आहे, तेही बदलावे. मूळ अंदाज ४५० ते १,००० असा आहे आणि तो उद्यान व करमणूक क्षेत्र मिळून दीड लाख एकरांसाठी केलेला होता. आताचा प्रस्ताव त्याहून बराच लहान आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बँगोरहून

---

विषय: उत्तर: उत्तर: कटाडिन उद्यानासाठी मंडळाचे पत्र
प्रेषक: बोस्टन विभाग, पर्यावरण समिती
दिनांक: २५ मे २०१६

दादांस सप्रेम नमस्कार,

आपले पत्र समितीत वाचले. खर्चाविषयीचे वाक्य आणि रोजगाराचा आकडा हे दोन्ही बदलण्यास समितीची संमती आहे.

मतदानाचा उल्लेखही करू, मात्र तो एकटा नको. कटाडिन परिसराच्या व्यापारी मंडळाने उद्यानाला पाठिंबा दिलेला आहे आणि तेही त्याच गावांतले लोक आहेत. गावांचे एकमत होईपर्यंत थांबावे असे आपण म्हटलेले नाही, तरी काही सभासदांनी आपल्या पत्राचा तसा अर्थ घेतला, म्हणून सांगते की समिती थांबण्याच्या विरुद्ध आहे. राष्ट्राध्यक्षांची मुदत जानेवारीत संपते. राज्य विधिमंडळाने नुकताच या स्मारकाच्या विरोधात कायदा केला आहे आणि गव्हर्नर लपाज यांचा विरोध तर सर्वश्रुत आहे, तेव्हा ही संधी गेली तर दानाची जमीन पुढे कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही.

रस्त्याच्या बाबतीत मात्र माझा आपल्याशी मतभेद कायम आहे. त्याची मागणी याच पत्रात घातली तर विरोधक तेवढाच मुद्दा उचलतील आणि बाकीचे पत्र बाजूला पडेल, म्हणून दर्जा जाहीर झाल्यावर रस्त्यासाठी स्वतंत्र पत्र पाठवावे असे मला वाटते. यावर इतर सभासदांनीही मत द्यावे.

तिसरा परिच्छेद आता पुढीलप्रमाणे आहे: "या उद्यानाची जमीन व प्रारंभीचा निधी दानातून मिळत असला, तरी त्याच्या कायमच्या देखभालीसाठी केंद्र सरकारला दरवर्षी पैसा द्यावा लागेल, याची आम्हांला जाणीव आहे. करदाते म्हणून या खर्चाला आमची संमती आहे, आणि तो खर्च शेजारच्या गावांच्या मालमत्ता करावर पडू नये, अशी आमची मागणी आहे."

शनिवारपर्यंत आलेल्या सूचना विचारात घेऊन पत्र मंगळवारी टपालात टाकण्यात येईल.

आपली,
समितीच्या वतीने